चॉक कोणता ते सांगतो, पण आधी क्यूची टिप दाखवा

प्रश्न थोडक्यात असा: मुलुंडचा कॉलेजचा मुलगा, आठ महिने पार्लरमध्ये एट-बॉल पूल खेळतोय, नुकतीच एकाकडून जुनी क्यू, म्हणजे खेळायची काठी, विकत घेतलीय. साधे शॉट बरे जातात, पण स्क्रू, म्हणजे व्हाइटला (पांढऱ्या बॉलला) खाली मारून मागे आणणारा फटका, मारायला गेला की दहातले तीन-चार फटके मिसक्यू, म्हणजे क्यू बॉलवरून सटकते. एक मित्र म्हणतो, पार्लरचा निळा चॉक भिकार असतो, हजारांतला परदेशी घे आणि मग बघ व्हाइट कसा मागे येतो. दुसरा म्हणतो, चॉक तो चॉक, ते पैसे टेबलाच्या तासांवर घाल. त्यात पावसाळ्यात चॉक दमट लागतो, त्याचं काय करायचं? आणि रंगाने काही फरक पडतो का?

दुसऱ्या मित्राचं ऐका असं सांगून मोकळा झालो असतो, पण तोही पूर्ण बरोबर नाही. महाग चॉकने तुमचे मिसक्यू थांबणार नाहीत. पण पार्लरच्या टेबलावर जो मध्ये विहीर पडलेला तुकडा असतो, त्याच्यावर विसंबून राहिलात तरीही थांबणार नाहीत.

मी अठराव्या वर्षी एका जिमखान्याच्या बिलियर्ड्स रूममध्ये मार्करच्या, म्हणजे टेबल आणि गुण सांभाळणाऱ्याच्या, हाताखाली लागलो. हल्ली दादरला टिपा, म्हणजे क्यूच्या टोकावरचं चामडं, बसवतो, वाकड्या क्यू सरळ करतो, संध्याकाळी चार पोरांना शिकवतो. ज्यांच्याकडून शिकलो ते मार्कर बिलियर्ड्सचे जगज्जेते विल्सन जोन्स आणि मायकेल फरेरा यांच्या मुंबईत वाढलेले, म्हणजे मुळात बिलियर्ड्सचे. त्या खेळात साइड, म्हणजे डावी-उजवी फिरकी, दिल्याशिवाय पान हलत नाही, त्यामुळे टिप आणि चॉक या दोन गोष्टींवर त्यांची नजर फार बारीक. पूल त्यांना पोरखेळ वाटायचा, तो भाग वेगळा.

गेल्या वर्षी एक मुलगा माझ्याकडे आला. हातात नवा कोरा परदेशी चॉक, छोट्या डबीत, अत्तराची बाटली धरावी तसा धरलेला. म्हणाला, काका, हा घेऊनसुद्धा मिसक्यू होतोय, नकली तर नाही ना? चॉक अस्सल होता. मी क्यू हातात घेऊन टिपेवरून अंगठा फिरवला. मधला भाग ताटलीसारखा सपाट, वरून चकचकीत, आणि कड फेरूलच्या, म्हणजे टिपेखालच्या कड्याच्या, बाहेर मशरूमसारखी फुगलेली. अशा टिपेवर सोन्याचा मुलामा दिला तरी ती घसरणारच. दहा मिनिटं कानस आणि सँडपेपर चालवला, चकाकी काढली, गोलाई दिली, आणि पार्लरचाच चॉक लावून त्याला दहा स्क्रू मारायला सांगितले. एक चुकला. तोही त्याने मागचा हात उचलल्यामुळे.

म्हणून चॉक घेण्याआधी दोष कुठे आहे ते शोधा. त्यासाठी पैसे लागत नाहीत, एक पट्ट्यांचा बॉल लागतो. नऊ ते पंधरामधला कुठलाही घ्या आणि व्हाइटच्या जागी ठेवा, पट्टा बरोबर आडवा येईल असा. आता त्या बॉलने स्क्रू मारा. फटका झाला की बॉल उचला आणि टिपेचा ठिपका कुठे उमटलाय ते बघा. बहुतेक सेटमध्ये पट्ट्याची रुंदी साधारण बॉलच्या त्रिज्येएवढी असते, आणि हा योगायोग आपल्या फार कामाचा आहे. पूलचा बॉल ५७ मिलिमीटरचा. त्याच्या मध्यापासून कडेपर्यंतचं जे अंतर, त्याच्या निम्म्यापर्यंत, म्हणजे साधारण १४ मिलिमीटरपर्यंत, नीट चॉक लावलेली टिप पकड धरते. त्यापलीकडे गेलात की जगातला कुठलाही चॉक तुम्हाला वाचवत नाही. ही हद्द म्हणजे जवळजवळ त्या पट्ट्याची कड.

ठिपका पट्ट्याच्या बाहेर, खाली पडलाय आणि मिसक्यू झालाय, तर दोष नेमाचा. फार खाली मारताय, किंवा मारायचं ठरवलं एका जागी आणि शेवटच्या क्षणी मूठ आवळल्याने टिप गेली दुसरीकडे. आठ महिन्यांच्या खेळाडूचं बहुतेक वेळा हेच असतं, वाईट वाटून घेऊ नका. ठिपका पट्ट्याच्या आत आहे आणि तरीही क्यू सटकली, तर टिप किंवा चॉक. वीस फटके मारून मोजा. पट्टा उभा ठेवून डावी-उजवी साइडही अशीच तपासता येते. पार्लरवाल्याला आधी सांगा, नाहीतर तो विचारेल की हा कुठला गेम चाललाय.

या चाचणीतून आणखी एक गोष्ट कळते आणि पहिल्या मित्राचा सल्ला तिथेच गळून पडतो. स्पिन किती मिळणार हे टिप मध्यापासून किती दूर लागली आणि फटका किती वेगाचा, यावर ठरतं. चॉकचं काम एकच, त्या क्षणी टिपेला घसरू न देणं. टिप आणि बॉलचा संबंध सेकंदाचा साधारण हजारावा भाग टिकतो. तेवढ्यात ती घसरली नाही, की चॉकचं काम संपलं. जास्त चिकट चॉकमुळे जास्त स्पिन मिळतो हा पार्लरचा समज आहे. घसरली किंवा नाही घसरली, मधलं फारसं काही नसतं.

आता टिप. तुमची क्यू जुनी आहे म्हणजे टिप आधीच्या मालकाच्या हाताची आणि बहुधा त्याच्या आळसाची. तीन गोष्टी बघा. गोलाई: अमेरिकेत टिपेची गोलाई निकेल आणि डाइम या तिथल्या नाण्यांशी ताडतात. आपलं हल्लीचं लहान एक रुपयाचं नाणं निकेलच्या जवळ जातं, पूलच्या १२-१३ मिलिमीटरच्या टिपेला तेवढी गोलाई पुरे. नाणं टिपेमागे उभं धरा, डोळा मिटा आणि दोन्ही कडा जुळतात का बघा. दुसरं, चकाकी: उजेडात टिप बुटासारखी चमकत असेल तर चॉक तिच्यावर बसतच नाही, नुसता टेकतो. बारीक सँडपेपरने हलकेच खरखरीत करा, किंवा टोचणी मिळते तिने थोपटा. रोज नको, टिप संपेल. तिसरं, उंची: चामडं दोन-अडीच मिलिमीटरपेक्षा कमी उरलं असेल तर सरळ नवी बसवून घ्या. साधी एल्कमास्टर टिप आणि बसवण्याची मजुरी मिळून जो खर्च होईल तो महाग चॉकच्या खूप आतला असतो, आणि फरक त्याच दिवशी कळतो.

मग लावण्याची पद्धत, कारण पार्लरमध्ये मी शंभरातल्या नव्वद जणांना चॉक टिपेवर स्क्रू-ड्रायव्हरसारखा गरगरा फिरवताना बघतो. तसं फिरवलं की चॉकमध्ये भोक पडतं, भोकाच्या कडा फेरूलला घासून ती निळी होते, आणि टिपेच्या मध्यावर ढीगभर चॉक बसतो. पण साइड किंवा स्क्रू मारताना बॉलला लागतो तो मध्य नव्हेच, कडेकडचा भाग लागतो. तोच कोरडा राहतो. माझे गुरू म्हणायचे, पोळीला तूप लावताना मध्ये गोळा ठेवून ताट सरकवतोस का? कडेपर्यंत पसरवतोस ना? तसंच. क्यू तिरकी धरा, चॉक हलक्या हाताने ब्रशसारखा ओढा, प्रत्येक वेळी क्यू जराशी फिरवा. पाच-सहा हात पुरतात. मग टिप उजेडाकडे धरून बघा, चामड्याचा तपकिरी ठिपका कुठे दिसतोय का. दिसला तर तिथे एक हात. हे बघणंच सगळ्यात महत्त्वाचं आणि तेच कोणी करत नाही. हे सगळं टेबलापासून दोन पावलं लांब उभं राहून करा. कापडावर भुकटी पाडत चॉक लावणाऱ्याला आमच्या वेळी मार्कर सगळ्यांसमोर ओरडायचा.

प्रत्येक शॉटला लावायचा का? साध्या चॉकला हो. त्यात निम्मा फायदा चॉकचा आणि निम्मा तुम्ही दोन सेकंद थांबून विचार करता त्याचा.

आता चॉक म्हणजे काय हे थोडं सांगतो, कारण ते कळलं की निवड आपोआप सोपी होते. नाव चॉक असलं तरी तो शाळेतला खडू नव्हे. फळ्यावरचा खडू मऊ, तो भुकटी होऊन पडतो, बॉलला चावत नाही. एकदा एका सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये पोरं खरोखर फळ्याचा खडू टिपेला लावून खेळत होती आणि टेबल निकृष्ट म्हणून तक्रार करत होती. खरं तर सुरुवात साध्या खडूनेच झाली. टिपेला चामडं लावण्याची कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची, फ्रान्समधल्या मिंगो नावाच्या माणसाची. त्यानंतर १८२०च्या दशकात इंग्लंडमधल्या बाथ गावी जॅक कार नावाचा एक मार्कर होता. तो बॉलला अशी साइड द्यायचा की लोक चाट पडायचे, आणि मग तो त्यांना छोट्या डब्यांतून ‘फिरकीची पूड’ विकायचा. पूड म्हणजे साधा दळलेला खडू. मार्कर लोकांची ही परंपरा जुनी आहे, एवढं म्हणून पुढे जातो. आजचा चॉक मात्र १८९७ साली आला. विल्यम स्पिंक्स हा अमेरिकन बिलियर्ड्सपटू आणि शिकागोचा रसायनतज्ज्ञ विल्यम हॉस्किन्स यांनी मिळून त्याचं पेटंट घेतलं. त्यात सिलिका आणि कुरुंदासारखी कठीण, धारदार कणांची पूड, तिला बांधणारं द्रव्य आणि रंग. हे कण टिप आणि बॉल यांच्यामध्ये बसून पकड देतात.

कठीण कण म्हणजे सँडपेपरचाच चुलतभाऊ, हे लक्षात ठेवा. जो चॉक टिपेवर राहतो तो तुमचा. जो उडून कापडावर पडतो तो कापड आणि बॉल दोघांनाही घासत राहतो. आणि जो बॉलवर चिकटून राहतो तो तुमची फ्रेम, म्हणजे डाव, घालवतो. म्हणून चॉक निवडताना मी ‘किती चिकटतो’ हे विचारत नाही, ‘कुठे राहतो’ हे विचारतो.

बॉलवरच्या चॉकने फ्रेम कशी जाते ते मी माझ्या जिवावर शिकलोय. बऱ्याच वर्षांपूर्वी एका क्लबच्या स्नूकर स्पर्धेत शेवटचा ब्लॅक उरलेला, स्पॉटवर, कट अगदी साधा. त्या आठवड्यात मी नवा चिकट चॉक आणला होता आणि हौसेने थर देत होतो. फटका बरोबर गेला. पण दोन बॉल भेटल्यावर ‘टक्’ असा जो स्वच्छ आवाज येतो त्याऐवजी ‘थप्’ झालं. व्हाइट किंचित उडाला, जागच्या जागी मेल्यासारखा थांबला, आणि ब्लॅक जाड, म्हणजे हवा त्यापेक्षा जास्त मधोमध, लागल्यासारखा निघून जॉवर, म्हणजे पॉकेटच्या तोंडाच्या कडेवर, आपटला. समोरच्याने तो पुढच्याच शॉटला घातला. हात मिळवून झाल्यावर व्हाइट उचलून पाहिला, तर मोहरीएवढा निळा डाग. व्हाइट आणि ब्लॅक नेमके त्याच ठिपक्यावर भेटले असणार. याला स्नूकरवाले किक म्हणतात. दोन बॉल एकमेकांना घसटून सुटायच्या ऐवजी क्षणभर धरून ठेवतात, त्यामुळे समोरचा बॉल ठरवल्यापेक्षा जाड जातो. प्रत्येक किक चॉकमुळेच होते असं नाही, मळके बॉलही करतात, पण चॉकचा डाग हे फार मोठं कारण. पूलमध्येही हेच होतं, फक्त पूलची पॉकेटं मोठी म्हणून आपण ‘हात हलला’ म्हणून सोडून देतो.

महाग चॉक पैसे घेतो ते या कारणासाठी, स्पिनसाठी नव्हे. फिनलंडचा ताओम हा सध्याचा मोठा लाडका, स्नूकरच्या व्यावसायिकांच्या हातात तो सर्रास दिसतो. मी दोन वर्षं वापरतोय. बॉलवर डाग फार कमी सोडतो, कापडावर जवळजवळ काही नाही, आणि एकदा लावला की दोन-तीन शॉट निघतात. तो लावायची सवय मात्र वेगळी. टिप रंगलेली दिसत नाही म्हणून लोक वर वर थापत बसतात आणि त्याचा फायदा घालवतात. जपानचा कामुई दुसऱ्या टोकाचा. पकड दांडगी, टिपेवर घट्ट बसतो, पण माझ्या टेबलावर त्याचे डाग बॉलवर जास्त दिसले. ज्याला सारखी कडेकडची साइड मारायची आहे त्याला तो आवडतो, मला बॉल पुसायचा कंटाळा आहे.

मधल्या फळीत लोंगोनी या इटालियन कंपनीचा ब्लू डायमंड. बारीक दाणा, चांगला बसतो, कमी उडतो, आणि किंमत तोंडात बोट घालायला लावणारी नाही. खालच्या फळीत अमेरिकेतला मास्टर, जो जगभरच्या पार्लरांत निळ्या घनाच्या रूपात पडलेला असतो. कोरडा, लावायला सोपा, जरा उडणारा. त्याला नावं ठेवणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की पूलच्या कित्येक पिढ्या त्याच्यावर वाढल्या. त्याच घरातला ट्रँगल, हिरवा, स्नूकरवाल्यांचा जुना जोडीदार. याच्याही खाली बिननावाचे घन येतात, टेबलाबरोबर फुकट मिळणारे. त्यातले काही बरे निघतात, काही तुपकट, काही खडेवाले. पार्लरमध्ये असतो तो बहुतेक यातलाच, आणि वर शंभर जणांनी भोक पाडलेला. तुमच्या मित्राला भिकार वाटला तो बहुधा हा. चॉकचा दोष कमी, हालअपेष्टांचा जास्त.

खडा कसा ओळखायचा? चॉक बोटावर घासा, मग दोन बोटांत ती पूड चोळा. रव्यासारखं लागलं तर सोडून द्या, मैद्यासारखं लागलं तर ठीक. नंतर टिपेला लावा, क्यू वर्तमानपत्रावर आडवी धरा आणि टिपेच्या चार बोटं मागे टिचकी मारा. थोडी पूड पडणारच, पण पोपडा पडला तर तो चॉक टिपेवर नुसता टेकलाय. शेवटी दहा मध्यम स्क्रू मारा, मध्ये चॉक न लावता, आणि प्रत्येक फटक्यानंतर टिप बघा. कितव्या फटक्याला चामडं डोकावतंय ते मोजा. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून व्हाइटही बघा. मी नवा चॉक आणला की एवढंच करतो, पंधरा मिनिटांत होतं.

पावसाळ्याचं आता. मुंबईत जून ते सप्टेंबर हा चॉकचा आजारपणाचा हंगाम. चॉक ओलावा ओढतो, मग कोरड्या पुडीऐवजी लगदा लागतो, टिपेवर चिखलासारखा थर बसतो आणि तोच थर बॉलवर जातो. वर कापड दमट, बॉल जड चालतात, म्हणून तुम्ही जोरात मारता, म्हणून नेम हलतो, आणि शिव्या चॉकला. मोठ्या स्पर्धांत स्नूकरच्या टेबलांना खालून ऊब देतात ती या ओलाव्यासाठीच. आपल्या पार्लरमध्ये ऊब कुठली, एसी असतो, तोही गिऱ्हाईक असेल तेव्हाच. बाहेरून भिजत आलात आणि खिशातला चॉक काढलात तर तो घामाने आधीच अर्धा गेलेला असतो.

उपाय घरचा आहे. पावसाळ्यात आई मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकते ना? चॉक छोट्या झाकणाच्या डबीत ठेवा आणि बुटांच्या खोक्यात जी सिलिका जेलची पुडी येते ती त्यात टाका. पुडी नसेल तर तांदूळ कापडात बांधून. चॉकचा तोंडाकडचा भाग चकचकीत आणि कडक झाला असेल तर जाड सँडपेपरवर दोनदा घासा, आतला ताजा चॉक वर येतो. ओला चॉक उन्हात किंवा हेअर-ड्रायरखाली वाळवू नका, मी वाळवला होता, त्याचे दोन तुकडे झाले. हाताला घाम सुटतो म्हणून पावडर लावणाऱ्यांसाठी एक वाक्य: पावडर आणि चॉक एकत्र आले की कापडावर जी पुट्टी तयार होते ती ब्रशने निघत नाही, त्यापेक्षा तीन बोटांचा ग्लव्ह घ्या. पार्लरवाले तुम्हाला दुवा देतील.

रंगाचं उत्तर छोटं आहे. रंगाने पकड बदलत नाही. कापडाच्या रंगाला जुळणारा घ्या, म्हणजे निळ्या कापडाला निळा, हिरव्याला हिरवा. हिरव्या कापडावर निळा चॉक वापरलात तर महिन्याभरात टेबल पावभाजीच्या तव्यासारखं दिसतं, आणि जिमखान्यात तर कोणीतरी येऊन सांगतंच. लाल चॉक फक्त फोटोत चांगला दिसतो.

तर तुम्ही काय घ्यावं. आधी टिप बघून घ्या, लागली तर नवी बसवा. पट्ट्यांच्या बॉलची चाचणी आठवडाभर करा. मग धोबी तलावला खेळाच्या सामानाच्या दुकानांच्या रांगेत जाऊन मास्टरचे दोन-तीन घन किंवा ब्लू डायमंडचा एक, जे परवडेल ते. स्वतःचा चॉक स्वतःच्या डबीत असणं, ज्याला दुसरं कोणी भोक पाडत नाही, हा तुमच्या पातळीवर सगळ्यात मोठा फायदा आहे. ब्रँड कोणता हा त्याच्या नंतरचा मुद्दा. आणि एकच चॉक निदान तीन-चार महिने ठेवा. दर आठवड्याला बदललात तर चुकलं ते चॉकने की हाताने, हे कधीच कळणार नाही.

ताओम वगैरेचा विचार तेव्हा करा जेव्हा मिसक्यू महिन्यातून एखादा होईल आणि तुम्हाला स्वतःला ‘थप्’ असा आवाज ऐकू यायला लागेल. तो आवाज ओळखता येत नाही तोवर ते पैसे टेबलाच्या तासांवर घाला, इथे तुमचा दुसरा मित्र बरोबर. घ्याल तेव्हा ओळखीच्या दुकानातून घ्या. महाग चॉकच्या नकला बाजारात असतात, अर्ध्या किमतीत दिसला की समजा. आणि असा चॉक पार्लरच्या कडेवर विसरून येऊ नका, परत गेल्यावर सापडत नाही. मी दोन घालवलेत.

राहिलं एक. चॉक टेबलाच्या कडेवर ठेवाल तेव्हा रंगाची बाजू वर ठेवा, खाली ठेवलात की लाकडावर ठसा उठतो आणि पुढच्याच्या बाहीला लागतो. आणि खिशात ठेवायचाच असेल तर डबीतच. गेल्या श्रावणात माझ्या एका विद्यार्थ्याची कॉलेजची पांढरी पॅन्ट चॉकसकट वॉशिंग मशिनमध्ये गेली, तिच्याबरोबर वडिलांचे ऑफिसचे तीन शर्टही. सगळे आकाशी निघाले. तेव्हापासून तो क्यूची पिशवी घराबाहेर चपलांच्या रॅकवरच ठेवतो.